चाखून धरलेलं बी

बेंबळी, ता. ५ मार्च १९४४

चि. महारुद्र यास थोरल्या बहिणीचा, नागम्माचा आशीर्वाद. रिवाज आहे म्हणून लिहिला. मनात राग आहे तो आहेच, हे आधीच सांगून टाकते.

तुझं कार्ड पोचलं. दोन वर्षांतलं पहिलं कार्ड, आणि त्यात काय, तर येत्या पेरणीला आपल्या आठही एकरांत शेतीखात्याचं सुधारलेलं बी पडणार, शेत नमुन्याचं म्हणून दाखवणार, साहेब लोक बघायला येणार. अक्का कशी आहे, गंगम्मा आत्या जिवंत आहे का, याचं एक अक्षर नाही. आत्या जिवंत आहे. कार्ड वाचून दाखवलं तेव्हा एवढंच म्हणाली, "पोरगं लई शिकलं की गं."

पट्टा तुझ्या नावावर आहे. मी नवरा गेल्यावर बापाच्या, अप्पांच्या घरी परत आलेली बाई. तू म्हणशील ते रानात पडेल, हे मला ठाऊक आहे. पण अप्पांची ज्वारी आता गावात फक्त आपल्याकडंच राहिली आहे. शेजारच्या ईरण्णानं मागच्या साली सरकारी बी पेरलं, बाकीच्यांचं त्याच्या आधीच गेलं. आपल्या रानात एक साल पडली नाही तर ती संपली. ती परत कुठून आणणार आहेस?

तू लिहितोस की तुमच्या फार्मावर दोन्ही दाणे तपासले, अप्पांच्या ज्वारीत जास्तीचं काही नाही, चव ही मनाची समजूत आहे. म्हणजे अप्पांच्या माघारी घातलेल्या गणाराधनेच्या पंगतीत बोललास तेच पुन्हा. माणूस जाऊन दहा दिवस झाले नव्हते आणि तू भरल्या पंगतीत म्हणालास, "अप्पांच्या जिभेत काही नव्हतं, मोठं कणीस दिसलं की चिंधी बांधायचे." चाळीस वर्षं हुरड्याच्या दिवसांत तो माणूस उपाशीपोटी रानात फिरला. ताटाताटापाशी थांबून चार दाणे चावायचे, जे मनाला येईल त्याच कणसाला चिंधी. चिंधीचीच कणसं पुढच्या सालचं बी. मी तुला तेव्हा घरातून जा म्हणाले, त्याचा मला अजून पस्तावा नाही.

तरी तू एक रीत कळवलीस. खाणाऱ्याचे डोळे बांधायचे, दोन ज्वारीच्या दोन भाकरी द्यायच्या, दहा वेळा विचारायचं. तुमच्या हैद्राबादच्या भाषेत तजुर्बा. ओळखलं तर अप्पांचं बी राहील, नाही तर नाही, असं तू लिहिलंस. कबूल. कार्ड जपून ठेवलंय, आता शब्द फिरवू नकोस.

नागम्मा


बेंबळी, ता. २ एप्रिल १९४४

चि. महारुद्रास,

झाला तुझा तजुर्बा. आत्या, आपला सालगडी लिंबाजी आणि स्वतः ईरण्णा, तिघांना ओसरीत बसवून डोळ्यांना उपरणी बांधली. तिघांनी दहाच्या दहा वेळा ओळखलं. ईरण्णा स्वतःच्याच रानच्या भाकरीला "ही कशाची गं, रद्दी" म्हणाला. आम्ही पोट धरून हसलो.

आता कळव की अप्पांचं बी राहील. दुसरं काही लिहायचं नाही.

नागम्मा


बेंबळी, ता. ११ एप्रिल १९४४

चि. महारुद्रास,

तुझं उत्तर यायच्या आत हे पत्र तुला मिळावं म्हणून लिंबाजीला धाराशिवच्या टपालात टाकायला पाठवते आहे.

मी तुला फसवलं. ईरण्णाच्या ज्वारीचं पीठ मी दहा दिवस आधी दळून ठेवलं होतं. आपलं त्याच सकाळी दळलं. शिळ्या पिठाला विरी राहत नाही, भाकरी थापताना फाटते, खाताना भुगा होतो. त्यात मी ते गार पाण्यात भिजवलं. लहान लेकरानं सुद्धा ओळखलं असतं. तुझ्या दफ्तरात कुणी पुरुष हे ताडणार नाही हे मला माहीत होतं, म्हणूनच केलं. नऊ दिवस घास उतरला नाही. तुझ्यासाठी नव्हे. अप्पांचं बी खोटं बोलून राखलं तर ते अप्पांचं कसलं?

पुन्हा केलं. या वेळी लिंबाजीची बायको सत्यभामा हिनं एकाच दिवशी दोन्ही दळलं, दोन्ही उकळत्या पाण्यात भिजवलं, एकाच तव्यावर भाजलं. कुठलं पीठ कुठलं हे तिला सांगितलंच नाही, डब्यांना फक्त एकेक रेघ आणि दोन रेघा. मी चुलीकडं फिरकले नाही.

लिंबाजीनं दहात पाच ओळखल्या. म्हणजे काही ओळखलं नाही. वर मलाच म्हणतो, "अक्का, म्या भुकेला असलो की समदीच ग्वाड लागती." ईरण्णानं सहा. आत्यानं नऊ.

इथवर लिहून थांबले असते तर बरं होतं. पण लिहिते. उपरणं सोडल्यावर आत्याला विचारलं, "यातली गोड कुठली?" तिनं सरकारी भाकरीवर बोट ठेवलं. मला वाटलं म्हातारी चुकली, पुन्हा विचारलं. "व्हय, गोड हीच हाय. पण मला ती नगं. मला ही दे," म्हणाली आणि अप्पांच्या ज्वारीची ओढून घेतली. का म्हणून विचारलं तर चिडली. "का म्हंजे? ही आवडती." तिला दोनदा, तीनदा विचारून बघितलं. यापलीकडं तिला सांगता येईना आणि मला विचारता येईना.

तू म्हणशील, सवय. म्हण. तेवढं म्हटल्यानं काय कळलं ते मात्र मला समजावून सांग. सत्तर वर्षांत आत्यानं कडू कारल्याची सवय पण केली, ते मागून घेत नाही ती.

नागम्मा


बेंबळी, ता. १६ जुलै १९४४

चि. महारुद्रास अनेक आशीर्वाद.

तुझं लांब पत्र तीनदा वाचलं. दहात नऊ म्हणजे आत्याची जीभ भेद ओळखते हे तू मानलंस, ते मानलंस हे चांगलं झालं. पण पुढं लिहितोस, भेद आहे म्हणजे उजवं आहे असं नाही. उजवं-डावं शास्त्राला मोजता येत नाही, ते ज्याच्या त्याच्या मनात, सबब दरखास्त नामंजूर. पेरणीला दोन महिने उरलेत आणि तू मला सबब लिहितोस! साहेबाला लिहायची भाषा अक्काला लिहू नये.

आणि तू विचारलंस, "अक्का, प्रत्येक पत्रात आत्याला काय लागलं ते आहे, लिंबाजीला काय लागलं ते आहे. तुला काय लागलं ते एकदाही का नाही?"

लहानपणापासून तू असाच. भलत्या ठिकाणी बरोबर बोट ठेवतोस.

मला काही लागत नाही, महारुद्र. मागच्या कार्तिकात थंडीताप आला, वीस दिवस पडून होते. उठले ती चव आणि वास दोन्ही गेलेले. गूळ घे, चिंच घे, शेणी पेटव, सगळं एकच. कळंबच्या हकिमानं माजूम नावाचं चाटण दिलं, तेही मातीसारखं. घरात कुणाला सांगितलं नाही. आमटीत मीठ आत्याला चाखायला लावते, म्हणते माझा उपास आहे. आठवड्यातून किती उपास धरते म्हणून गावात माझा मान वाढलाय. हसू नकोस.

उपाशी मरत नाही, पोट भरतं. पण जेवायला बसायचं मन होत नाही. पहिले काही दिवस रडले. मग रडण्याचीच लाज वाटली, की बाई, लोकांची माणसं जातात आणि तू भाकरीसाठी रडतेस. तरी खरं सांगते, नवरा गेल्यावर सुद्धा सकाळी उठून भाजलेल्या भाकरीच्या वासानं मी चुलीपर्यंत जात होते. आता तेही नाही.

याहून वाईट पुढं आहे. यंदाच्या पौषात हुरड्याला चिंध्या मीच बांधल्या. अप्पांच्या माघारी पहिल्या साली मी जीभ शाबूत असताना बांधल्या, ते ठीक होतं. यंदा गाव बघत होतं, ईरण्णा बांधावर उभा होता. शरणबसप्पाच्या लेकीला चव कळेना हे मला त्याच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. मी दाणे चावले, मान डोलावली आणि मनाला येईल तिथं चिंधी मारली. चाळीस कणसं. डोळे उघडे ठेवून आंधळेपणानं केलेलं काम. तुला ज्यासाठी मी घराबाहेर काढलं, तू अप्पांवर जे घातलंस, ते मी खरोखरच केलं.

आता दरखास्त नको, काम सांगते. या पत्राबरोबर लिंबाजी तुझ्याकडं गाठोडं घेऊन येतो आहे. त्यात पंच्याऐंशी पुड्या आहेत, एका कणसाची एक पुडी, वर फक्त आकडा. यातल्या चिंधीच्या कुठल्या, बिनचिंधीच्या कुठल्या ते तुला सांगणार नाही. डोळे बांधायचे तर दोघांचे. काचेच्या नळ्यांत घाल, साखर मोज, आणखी काय मोजता येतं ते मोज, आणि आकडे लिहून पाठव. मी मात्र इथं सगळ्याची यादी करून ठेवली आहे आणि ती आत्याच्या पेटीत कुलपात आहे.

आणि तुझ्या शास्त्राला विचार, माझी चव कुठं गेली. नाकात गेली, जिभेत गेली की डोक्यात. लाजू नकोस, मी लाजत नाही.

तुझी अक्का


बेंबळी, ता. १० सप्टेंबर १९४४

चि. महारुद्रास अनेक आशीर्वाद.

आकडे मिळाले. पंच्याऐंशी ओळी तू स्वतःच्या हातानं लिहिल्यास हे अक्षरावरून ओळखलं. उर्दू शाळेत गेलास तरी बाळबोध अक्षर मठातल्या अय्यांनी शिकवलेलंच राहिलं.

पेटीतली यादी काढून मी आणि आत्या ओसरीत बसलो. मी वाचायची, तिनं चिंचोके मांडायचे. माझी चाळीस चिंधीची कणसं आणि चाळीस बिनचिंधीची यांत काडीचा फरक नाही. काही वर, काही खाली, सगळी विखुरलेली. म्हणजे माझी लबाडी तुझ्या नळीनं पकडली. बरं झालं. मान खाली घालून कबूल करते.

आता तू ज्याबद्दल विचारलंस ते. तू लिहितोस, "अक्का, ८१ ते ८५ या पुड्या कुठल्या? साखर सगळ्यांत जास्त नाही, मधलीच आहे. पण पाचही कणसं एकाच आकड्यावर आहेत, केसाचा फरक नाही. मी तीनदा मोजलं. असं शेतात आपोआप होत नाही." ती अप्पांची आहेत. गेले त्या सालच्या हुरड्याला त्यांनी शेवटच्या चिंध्या बांधल्या, त्यांतली सोळा कणसं मी आठवण म्हणून चुलीवरच्या आढ्याला धुरात टांगून ठेवली होती. पाच तुला पाठवली. न सांगता पाठवली याची माफी मागणार नाही. सांगितलं असतं तर तू निवांतपणे मोजलं नसतंस.

तर अप्पा सगळ्यांत गोड कणीस शोधतच नव्हते. त्यांना एकच एक गोडी हवी होती, एवढी आणि एवढीच, आणि ती त्यांना जिभेनं बरोबर सापडत होती. हे मला इतकी वर्षं त्यांच्या मागं फिरून कळलं नव्हतं, तुझ्या कागदानं कळलं. त्याबद्दल तुझ्या शास्त्राला हात जोडते, मनापासून.

तू लिहिलंस, "अप्पांना काहीतरी कळत होतं. मी पंगतीत बोललो ते चुकलो." हे वाक्य आत्याला दोनदा वाचून दाखवलं. तिनं पदर डोळ्याला लावला. मीही लावला.

पण लगेच पुढच्या ओळीत लिहितोस, आता जिभेची गरज उरली नाही, आकडा सापडला, दर साली कणसं फार्मावर पाठव, मी आकड्यावरून बी निवडून देतो. अरे, तो आकडा कुणी ठरवला? नळीनं ठरवला का? नळीला पंच्याऐंशीही सारखीच. त्यातलं हे चांगलं, हे तिला अप्पांच्या जिभेनं दाखवलं म्हणून दिसलं. उद्या पाऊस कमी झाला, जमीन थकली, तर तो आकडा सरकेल की नाही हे कोण सांगणार? आणि हाच आकडा का आवडावा, त्याच्या खालचा का नाही, हे तुझ्या कुठल्या पुस्तकात असेल तर त्याची नक्कल पाठव. मी भांडत नाही. मला खरंच जाणून घ्यायचं आहे, कारण माझ्याकडून ते गेलंय.

माझ्या चवीबद्दल तू लिहिलंस की तापानं नाकातली नस मरते, कधी परत येते, कधी येत नाही, इलाज अजून ठाऊक नाही. 'ठाऊक नाही' हे तुझ्या सहा पानांत मला सगळ्यांत आवडलं. हकिमानं तसं म्हटलं असतं तर माझे पैसे तरी वाचले असते.

पेरणीचं सांगते. अकरा कणसं उरली. तू शिकवलंस तसं शंभर दाणे ओल्या फडक्यात बांधून बघितले, त्रेसष्ट उगवले. धुरातलं बी, तीन वर्षांचं, पुष्कळ झालं. आठ एकरांतल्या साडेसात एकरांत तुझं सुधारलेलं बी पडेल, साहेबांना ते दाखव, ते वाईट आहे असं मी म्हणत नाही, धान्याच्या टंचाईत ते जास्त पिकतं हे ईरण्णाच्या खळ्यावर मी बघितलंय. विहिरीकडच्या अर्ध्या एकरात अप्पांचं पडेल. लिंबाजीबरोबर तिफणीवर मी स्वतः मूठ धरणार आहे. ही परवानगी मागत नाही, कळवते आहे.

तुझी अक्का


बेंबळी, ता. ८ जानेवारी १९४५, सोमवार

चि. महारुद्रास अनेक आशीर्वाद.

विहिरीकडची ज्वारी दुधात आली आहे. ताटं विरळ आहेत, पण कणसं भरली. गेल्या मंगळवारी चिंध्या बांधायला सुरुवात केली.

जीभ आत्याची, हात माझे. ती दाणे चावते, मी तिचं तोंड बघते. पहिले दोन दिवस वाया गेले. वर्षा-दोन वर्षांनी रानात आणली म्हणून म्हातारी इतकी खुशीत होती, की प्रत्येक कणसाला मान डोलवायची. सगळं शेतच चिंध्यांचं झालं असतं. सगळ्या सोडवल्या. तिसऱ्या दिवशी तिला रानाचा कंटाळा आला, कंबर दुखायला लागली, तेव्हा कुठं तोंड खरं बोलायला लागलं. बेताच्या कणसाला ती नुसतं चावत राहते. हव्या त्या कणसाला जबडा मध्येच थांबतो, डोळे बारीक होतात, आणि मग हळूहळू चावते, संपू नये म्हणून. ते दिसलं की मी चिंधी बांधते. तेच कणीस थोड्या वेळानं न सांगता पुन्हा देते. बारा वेळा दिलं, अकरा वेळा तस्संच झालं. तुझा तजुर्बा माझ्या अंगात मुरलाय.

काल न राहवून विचारलं, "आत्या, कसं लागतं गं? मला सांग तरी." ती म्हणाली, "कसं म्हंजे? चांगलं." मी म्हटलं, "चांगलं म्हणजे कसं?" तिनं चार दाणे माझ्या तळहातावर ठेवले आणि म्हणाली, "हे बघ की खाऊन." तिला माझं अजून माहीत नाही ना. मी खाल्ले. काही नाही. बांधावर बसून मी हमसून रडले, आणि ती बिचारी माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणते, "व्हय गं बाई, शरणबसप्पाची याद येती."

तिची ताकद आता संपली. दात हलतात, उद्यापासून येत नाही म्हणाली. अर्ध्याच्या वर शेत राहिलंय.

म्हणून तीन वर्षं दाबून ठेवलेलं सांगते. अप्पा गेले त्या दुपारी खोलीत मी एकटी होते. ते म्हणाले, "कणसं रुद्रा धरंल. त्याला जीभ हाय. त्याला सांग." मी सांगितलं नाही. तू सहा वर्षांचा असताना अप्पा तुला खांद्यावर घेऊन रानात जायचे, आधी तुला चारायचे आणि मग स्वतः चाखायचे, तुझं बरोबर निघालं की गुडघ्यावर बसून तुला हातात चिंधी द्यायचे. मला त्यांनी कधी चाखवलं नाही. मी टोपली धरून मागं चालायचे आणि बघून बघून शिकले. सारी हयात रान मी तुडवलं आणि शेवटी नाव तुझं निघालं, ते मला सहन झालं नाही. पुढं पंगतीत तू जे बोललास, तो मला आयता बहाणा मिळाला. तू अप्पांची जीभ खोटी म्हणालास, आणि ती तुझ्याच तोंडात आहे हे मी तुला कळू दिलं नाही.

आता राग धर, नाही तर सोड, ते तू ठरव. काम मात्र थांबत नाही. हे पत्र गुरुवारी तुझ्या हातात पडेल. दाणा रविवारपर्यंत दुधात राहील, त्यानंतर घट्ट होतो आणि मग कुणाच्याच जिभेला काही कळत नाही. तू नाही आलास तरी उरलेल्या कणसांना मी अंदाजानं चिंधी मारणार नाही, पुन्हा ते पाप नाही. आत्यानं धरली तेवढीच राहतील, तेवढ्यावर बी टिकेल की नाही हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

शुक्रवारी रात्रीपर्यंत पोच. तुझ्या नळ्या आण, ओसरीत जागा करून ठेवली आहे. शनिवारी पहाटे चहा घ्यायचा नाही, उपाशी रानात यायचं. आणि कसं लागलं ते मला समजावत बसू नकोस, अजून कुणाला ते सांगता आलेलं नाही. हव्या त्या कणसापाशी नुसता हात पुढं कर, मी चिंधी देते.

तुझी अक्का
नागम्मा